जुन्या पिकअप ट्रकच्या डॅशबोर्डसाठी मीटर निवडताना

जुना पिकअप ट्रक पूर्ववत करायला घेतलेला माणूस मीटरांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतो. पत्रा, रंग, इंजिन आणि ब्रेक यांत वेळ आणि पैसा संपत आलेला असतो, डॅशबोर्डवरची रिकामी भोके डोळ्यांत खुपत असतात, आणि मग चित्रात देखणा दिसलेला एखादा संच मागवला जातो. तो बसवल्यावर पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी वर येत नाही, ऑइल प्रेशरचा काटा एका कोपऱ्यात पडून राहतो आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा भलताच आकडा दाखवतो. यात दोष मीटरचा नसतो, तो निवडीच्या क्रमाचा असतो. डॅशबोर्डवर दिसणारी तबकडी हे मोजमापाच्या साखळीचे फक्त एक टोक आहे. दुसरे टोक टाकीत, इंजिनात किंवा गिअरबॉक्सवर असते, आणि त्याला या लेखात सेंडर म्हटले आहे. मीटर आणि सेंडर मिळून एकच उपकरण होते. म्हणून निवड सेंडरच्या टोकापासून सुरू करावी आणि तबकडीचा रंग, अक्षरांचे वळण, कड्याची चकाकी या गोष्टी शेवटी ठरवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी पहिली : जे आहे त्याची नोंद

काहीही काढण्यापूर्वी डॅशबोर्डची पुढून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधावी आणि कोणती वायर कोणत्या टर्मिनलवरून निघाली ते लिहून ठेवावे. जुन्या वायरींचे रंग विटलेले असतात, शिवाय मधल्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्यांमुळे वायरिंगचा छापील नकाशा आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसेलच असे नाही. हे काम बॅटरीची वायर सोडवूनच करावे.

त्यानंतर पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवावीत. गाडीची विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची? बॅटरीचे कोणते टोक चेसीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेले आहे? इंजिन मूळचेच आहे की बदललेले? गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल मूळचे आहेत का? टाकी आणि तिच्यातला फ्लोट जुनाच आहे की नवा? ही पाच उत्तरे हाती नसताना मीटर मागवू नयेत.

पायरी दुसरी : व्होल्टेज आणि अर्थिंग

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी पिकअप ट्रकांत ६ व्होल्टची यंत्रणा सर्रास असे. फोर्डने १९५६ च्या मॉडेलपासून १२ व्होल्टची यंत्रणा आणली, तर शेव्हरलेच्या ट्रकांत हा बदल १९५५ च्या नव्या रचनेबरोबर झाला. त्यातही फोर्डच्या ६ व्होल्टच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसीला जोडलेले असे. आजच्या सवयीने ऋण टोकच चेसीला जोडलेले असेल असे समजून अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक मीटर बसवायला गेल्यास त्याचे सर्किट पहिल्याच क्षणी जळू शकते, कारण बाजारातले जवळपास सर्व नवे इलेक्ट्रॉनिक मीटर १२ व्होल्ट आणि ऋण अर्थिंग (बॅटरीचे ऋण टोक चेसीला) गृहीत धरूनच बनवलेले असतात.

गाडी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर नेली असेल आणि मूळ मीटर ठेवायचे असतील, तर प्रत्येक मीटरचा वेगळा विचार करावा लागतो. नळीने तेलाचा दाब थेट तबकडीपर्यंत आणणारा ऑइल प्रेशर मीटर आणि केशनलिकेवर (सीलबंद बारीक नळीवर) चालणारा तापमान मीटर यांचा विजेशी संबंधच नसतो, त्यामुळे ते तसेच चालतात. अँमीटर प्रवाह मोजतो, व्होल्टेज नाही, म्हणून तोही चालतो. पेट्रोलचा विजेवर चालणारा मीटर मात्र ६ व्होल्टसाठी बनलेला असतो आणि त्याला व्होल्टेज कमी करून देणारा भाग जोडावाच लागतो. मीटरमागचे दिवेही बदलावे लागतात.

फोर्ड आणि क्रायस्लरच्या १२ व्होल्टच्या अनेक गाड्यांत आणखी एक गोष्ट आढळते. त्यांचे पेट्रोल व तापमानाचे मीटर द्विधातू पट्टी तापून वाकण्याच्या तत्त्वावर चालतात आणि त्यांना थेट १२ व्होल्ट मिळत नाहीत. डॅशबोर्डमागचा एक छोटा रेग्युलेटर वीज सतत चालू-बंद करून सरासरी सुमारे ५ व्होल्ट पुरवतो. दोन्ही काटे एकाच वेळी वर चढलेले किंवा एकाच वेळी खाली पडलेले दिसले, तर मीटर फेकण्यापूर्वी हा रेग्युलेटर तपासावा. उलट, नवे १२ व्होल्टचे मीटर बसवताना ही ५ व्होल्टची वायर त्यांना जोडू नये.

अर्थिंगबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक भाग नव्याने रंगवला जातो, आणि रंग विजेला अडवतो. डॅशबोर्डचा पत्रा, मीटरची चौकट, इंजिन ब्लॉक आणि टाकी यांचा चेसीशी धातूने धातूला संपर्क राहिला नाही, तर उत्तमोत्तम मीटरही खोटे बोलतो. मीटरांच्या चौकटीपासून चेसीपर्यंत, टाकीपासून चेसीपर्यंत आणि इंजिनपासून चेसीपर्यंत अर्थिंगच्या स्वतंत्र वायरी टाकाव्यात. नवशिक्यांच्या बिघडलेल्या वाटणाऱ्या मीटरांपैकी बरेचसे या तीन वायरींनीच ठीक होतात.

पायरी तिसरी : मूळ मीटर वाचवायचे की नवे घ्यायचे

पर्याय ढोबळमानाने चार आहेत. मूळ मीटर दुरुस्त करून घेणे. मूळ तबकडी आणि काटा ठेवून आतली यंत्रणा आधुनिक करून घेणे. विशिष्ट मॉडेलच्या मूळ भोकांत अचूक बसणारा नवा संच घेणे. किंवा कोणत्याही गाडीत बसतील असे गोल मीटर नव्या पट्टीवर बसवणे.

गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल आणि इंजिन, गिअरबॉक्स व विद्युत यंत्रणा मूळचीच असेल, तर पहिला पर्याय सर्वांत चांगला, कारण त्या मीटरांचे सेंडर, त्यांच्या मोजमापाच्या कक्षा आणि त्यांची जागा हे सारे त्या गाडीसाठीच ठरवलेले होते. जुन्या तबकडीवरचा किंचित पिवळेपणा घालवण्यासाठी ती घासू नये. छापलेले आकडे पुसले की ते हाताने पुन्हा तसे येत नाहीत. काही जुन्या मीटरांत, विशेषतः लष्करी वाहनांच्या, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियमयुक्त रंग वापरलेला असे. त्याची चमक आता गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. असा संशय असेल तर मीटर उघडू नये, रंग खरवडू नये, आणि तो तबकड्यांच्या जाणकार कारागिराकडेच सोपवावा.

इंजिन बदलले असेल किंवा गाडी रोजच्या वापरात आणायची असेल, तर दुसरा किंवा तिसरा पर्याय विचारात घ्यावा. १९४७ ते १९५३ च्या शेव्हरले पिकअपमध्ये दोन मोठ्या गोल तबकड्या असतात, एक स्पीडोमीटरची आणि दुसरीत बाकीचे चार मीटर. या मापाचे नवे संच क्लासिक इन्स्ट्रुमेंट्स, डकोटा डिजिटल यांसारखे उत्पादक बनवतात आणि ते डॅशबोर्डला कात्री न लावता बसतात. चौथ्या पर्यायाबद्दल एवढेच सांगतो की मूळ डॅशबोर्ड कापण्याचा निर्णय परत फिरवता येत नाही. जादा मीटर हवेच असतील तर डॅशबोर्डच्या खालच्या कडेला स्वतंत्र पट्टी लावून ते बसवावेत.

१९६७ ते १९७२ च्या शेव्हरले सी-१० सारख्या ट्रकांत आणखी एक पेच येतो. यांतल्या कमी किमतीच्या आवृत्त्यांत ऑइल प्रेशर आणि तापमानासाठी काटे नसून फक्त इशाऱ्याचे दिवे असत. अशा गाडीत काट्यांचा संच बसवायचा तर केवळ डॅशबोर्डचा भाग बदलून भागत नाही. दिव्याचा सेंडर हा साधा स्विच असतो, तो चालू होतो किंवा बंद होतो. काट्याला मात्र कमी-जास्त होणारा रोध लागतो. म्हणजे इंजिनातले सेंडर आणि काही वायरीही बदलाव्या लागतात. जुना संच सेकंडहँड घेताना या गोष्टी सोबत मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.

पायरी चौथी : पेट्रोलचा मीटर

मीटर आणि सेंडरची जोडी जुळणे म्हणजे काय, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. टाकीतल्या फ्लोटच्या दांडीबरोबर एक रोध बदलतो आणि मीटर तो ओहममध्ये वाचतो. पण किती ओहम म्हणजे रिकामी आणि किती म्हणजे भरलेली, यावर उत्पादकांचे कधीच एकमत झाले नाही. जनरल मोटर्सच्या (शेव्हरले याच कंपनीची) साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ३० ओहम असत. त्यानंतर हा पल्ला ० ते ९० झाला. फोर्ड आणि क्रायस्लरच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत क्रम उलटा आहे : रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम. स्टुअर्ट-वॉर्नर पद्धतीच्या सार्वत्रिक सेंडरमध्ये रिकामी २४० आणि भरलेली ३३ असते, तर व्हीडीओ या उत्पादकाच्या अनेक सेंडरमध्ये रिकामी १० आणि भरलेली १८०.

आता ० ते ९० च्या मीटरला २४० ते ३३ चा सेंडर जोडला तर काय होईल ते पाहा. टाकी रिकामी असताना मीटरला २४० ओहम दिसतात आणि काटा भरलेल्या खुणेच्याही पुढे जातो. टाकी निम्मी असताना सुमारे १०० ओहम दिसतात आणि काटा अजूनही भरलेल्यावरच असतो. टाकी काठोकाठ भरली की ३३ ओहम होतात आणि काटा जेमतेम एक तृतीयांशावर येतो. असा मीटर नसलेला बरा, कारण तो चालकाला गाडी भर रस्त्यात बंद पडेपर्यंत निर्धास्त ठेवतो.

म्हणून मीटर घेण्याआधी सेंडर टाकीतून काढून मल्टिमीटरवर मोजावा. फ्लोट अगदी खाली असताना किती ओहम येतात, अगदी वर असताना किती येतात, आणि दांडी सावकाश हलवताना आकडा सलग बदलतो की मध्येच उडी घेतो, हे तीनही पाहावे. उडी घेत असेल तर आतली तार झिजलेली आहे आणि सेंडर बदलणेच योग्य. काढलेल्या फ्लोटला कानाशी धरून हलवावे. आत पेट्रोल शिरल्याचा आवाज आला तर तो बुडतो आहे. नवा सेंडर घेताना टाकीची खोली मोजून दांडीची लांबी ठरवावी, आणि टाकीतल्या आडव्या पत्र्यांना फ्लोट अडकत नाही याची खात्री करावी. टाकी आणि सेंडर उत्तम असतील तर त्यांना जुळणारा मीटर घ्यावा. दोन्ही नवे घेणार असाल तर एकाच उत्पादकाची जोडी घ्यावी. मीटर काही केल्या जुळत नसेल तर मध्ये बसवायचे रूपांतर-सर्किटही मिळते, पण तो शेवटचा उपाय समजावा, कारण प्रत्येक वाढीव जोड ही बिघाडाची एक वाढीव जागा असते.

अनेक जुन्या पिकअपमध्ये टाकी केबिनच्या आतच, आसनामागे असते. अशा ठिकाणी सेंडरखालचे गॅस्केट नेहमी नवेच घालावे आणि ते पेट्रोलला टिकणारे असावे. टाकी उघडलेली असताना जवळपास ठिणगी, ज्योत किंवा पेटता दिवा असता कामा नये.

पायरी पाचवी : तेलाचा दाब

डॅशबोर्डवरचा कोणताही एकच मीटर अचूक ठेवता येणार असेल, तर तो हा असावा. तेलाचा दाब गेला की इंजिनाकडे काही क्षणच उरतात.

यांत्रिक मीटरमध्ये इंजिनातून निघालेली बारीक नळी थेट तबकडीमागे येते आणि आतली वाकडी पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते. तिच्या हालचालीने काटा फिरतो. ही रचना साधी, विजेविना चालणारी आणि विश्वासू आहे. तिचा धोका एकच, पण तो गंभीर : गरम तेल केबिनमध्ये चालकाच्या गुडघ्यांपर्यंत आलेले असते. प्लास्टिकची नळी तापलेल्या एक्झॉस्टजवळून गेली तर वितळते. तांब्याची नळी इंजिनाच्या कंपनांनी कडक होत जाते आणि अखेर तडकते, म्हणून इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये तिला एक-दोन सैल वेढे द्यावेत. स्टीलच्या जाळीचे आवरण असलेली लवचिक नळी यांपेक्षा चांगली. केबिनच्या पत्र्यातून नळी जिथे आत येते तिथे रबरी कडे हवेच. हाच विचार पुढे नेला तर पेट्रोलचा दाब मोजणारा यांत्रिक मीटर केबिनमध्ये कधीही आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

विजेवर चालणाऱ्या मीटरमध्ये तेल इंजिनापाशीच राहते आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. नवशिक्याने इंजिन बदललेल्या गाडीत हाच प्रकार घ्यावा असे मला वाटते. मात्र ज्या सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते, त्याच्यावर टेप गुंडाळून तो बसवला तर संपर्क तुटू शकतो. गळती रोखायची असेल तर आट्यांवर थोडेसे द्रव सीलंट लावावे आणि पहिले दोन आटे मोकळे ठेवावेत.

मीटरची कक्षा इंजिनाप्रमाणे निवडावी. आधुनिक पद्धतीने पूर्ण दाबाखाली तेल फिरवणाऱ्या इंजिनासाठी ० ते ८० किंवा ० ते १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हा पल्ला योग्य. साधा ठोकताळा असा की गरम इंजिनात मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय दाब असला म्हणजे पुरे. पण शेव्हरलेचे २१६ घनइंचाचे जुने सहा सिलिंडर इंजिन वेगळे आहे. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना दाबाखाली नव्हे, तर तेलाच्या फवाऱ्याने आणि रॉडखालच्या चमच्यांनी तेल मिळते. त्यामुळे धावत्या गाडीत १५ पीएसआयच्या आसपासचा दाब त्याच्यासाठी निरोगी असतो आणि त्याच्या मूळ मीटरची तबकडी ३० पर्यंतच असते. अशा इंजिनाला ० ते १०० चा नवा मीटर लावला तर काटा कायम तळाशी राहील, चालक विनाकारण धास्तावेल, आणि खरोखर दाब पडला तर ते त्याच्या लक्षातही येणार नाही. आधीच्या ३० च्या तबकडीवर पूर्ण दाबाचे इंजिन जोडले, तर उलट तो मीटरच निकामी होईल.

काट्याच्या जोडीला दाब घसरल्यावर पेटणारा एक लाल दिवा बसवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. काट्याकडे चालक अधूनमधून पाहतो. दिवा स्वतःहून लक्ष वेधून घेतो. इंजिनावरच्या तेलाच्या एकाच भोकाला तिहेरी जोड लावून मीटरचा सेंडर आणि दिव्याचा स्विच दोन्ही बसवता येतात, फक्त तो जोड जड सेंडरच्या कंपनांनी तुटणार नाही असा मजबूत असावा.

पायरी सहावी : तापमान

यांत्रिक तापमान मीटरमध्ये इंजिनातला फुगा, बारीक केशनलिका आणि तबकडी हे सारे एकसंध आणि द्रव-वायू भरून सीलबंद केलेले असते. ही नळी कापता येत नाही, जोडता येत नाही आणि तिला तीव्र घडी पडली की मीटर गेलाच. मूळ मीटर काढताना सर्वाधिक नुकसान इथेच होते : डॅशबोर्डचा भाग घाईने ओढला जातो आणि इंजिनातला फुगा अजून सोडवलेलाच नसतो. म्हणून आधी इंजिनाकडचा नट सोडवावा, फुगा अलगद बाहेर घ्यावा, मगच डॅशबोर्डला हात लावावा. तो नट गंजून धरला असेल तर भेदक तेल लावून एक-दोन दिवस थांबणे परवडते.

सेंडरची जागा सिलिंडर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, जिथे कूलंट सतत वाहते तिथे असावी. लांब जोड लावून सेंडर प्रवाहापासून दूर ठेवला तर तो हवेच्या खिशात अडकतो, आणि वाफ झालेली असतानाही काटा शांत राहतो. तबकडी निवडताना इंजिनाचे नेहमीचे तापमान काट्याच्या मधल्या भागात येईल असे पाहावे. १८० अंश फॅरेनहाइटचा, म्हणजे सुमारे ८२ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट असेल, तर १०० ते २६० अंश फॅरेनहाइटची तबकडी सोयीची पडते. जुन्या कमी दाबाच्या रेडिएटरच्या गाडीत धोक्याची खूण खालीच असते, कारण झाकणाच्या दर एका पीएसआय दाबामागे कूलंटचा उत्कलनबिंदू सुमारे ३ अंश फॅरेनहाइटनेच वाढतो. शेजारच्या नव्या गाडीचा काटा जिथे निर्धास्त असतो, तिथे ही गाडी उकळू लागलेली असू शकते.

पायरी सातवी : अँमीटर की व्होल्टमीटर

जुन्या ट्रकांत बॅटरीतून किती प्रवाह आत-बाहेर जातो हे दाखवणारा अँमीटर असे, आणि त्यासाठी गाडीचा जवळपास सगळा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत येऊन परत जात असे. डायनॅमोच्या काळात हा प्रवाह मर्यादित होता. आता त्याच गाडीत ६० ते १०० अँपिअरचा अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी येणारे वीज बनवणारे यंत्र) बसवला आणि ३० अँपिअरच्या खुणांचा जुना अँमीटर तसाच ठेवला, तर टर्मिनल तापतात, वायरीचे आवरण वितळते आणि डॅशबोर्डमागे आग लागण्याची वेळ येते. काही नंतरच्या ट्रकांत अँमीटर फक्त एका वायरीच्या दोन टोकांमधला सूक्ष्म व्होल्टेजचा फरक वाचतो. तिथे हा धोका बराच कमी असतो.

अल्टरनेटर बसवला असेल तर व्होल्टमीटर घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो इग्निशननंतर चालू होणाऱ्या वायरीवर, छोट्या फ्यूजसह बसतो आणि जास्त उपयोगी माहिती देतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना काटा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. मूळ तबकडीचे रूप मोडायचे नसेल, तर अँमीटरच्याच तबकडीमागे व्होल्टमीटरची यंत्रणा बसवून देणारे कारागीर असतात. काहीही ठरवले तरी जुन्या अँमीटरच्या दोन जाड वायरी मोकळ्या लोंबकळत ठेवू नयेत. त्या पक्क्या जोडून, आवरण घालून, पुरेशा जाडीच्या आहेत का ते तपासून घ्यावे.

पायरी आठवी : स्पीडोमीटर

यांत्रिक स्पीडोमीटरमध्ये गिअरबॉक्समधून येणारी केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवतीच्या धातूच्या वाटीत त्यामुळे भोवरी प्रवाह निर्माण होतात, वाटी चुंबकाबरोबर फिरू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले आणि जुन्या ट्रकांतले बहुतेक स्पीडोमीटर त्यावरच चालतात.

अमेरिकी गाड्यांत केबलने एका मैलात १००० फेरे घ्यावेत असा प्रघात आहे. टायर किंवा मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर बदलले की हा हिशेब बिघडतो, आणि तो गिअरबॉक्समधल्या छोट्या प्लास्टिक दातचक्राचे दात बदलून पुन्हा जुळवता येतो. हिशेब असा : टायरचा व्यास इंचांत घ्यावा आणि २०,१६८ ला त्याने भागावे, म्हणजे टायरचे एका मैलातले फेरे मिळतात. २८ इंचांच्या टायरला हे उत्तर सुमारे ७२० येते. त्याला ॲक्सलच्या गुणोत्तराने आणि गिअरबॉक्समधल्या चालक चक्राच्या दातांनी गुणून १००० ने भागावे. ॲक्सल ३.७३ चा आणि चालक चक्र ७ दातांचे असेल, तर उत्तर १८.८ येते, म्हणजे केबलच्या बाजूचे चक्र १९ दातांचे हवे. ओझ्याखाली टायर थोडा दबतो आणि त्याचे फेरे किंचित वाढतात, म्हणून व्यासावर विसंबण्यापेक्षा टायरवर खडूची खूण करून गाडी दहा फेरे ढकलावी, ते अंतर मोजावे आणि खरे माप काढावे.

हे न करता त्याच गाडीला ३१ इंचांचे टायर घातले तर काय होते? टायरचे फेरे मैलाला सुमारे ६५० होतात, चक्र १७ दातांचे लागते, आणि जुनेच १९ चे राहिले तर खरा वेग ताशी ६० मैल असताना काटा सुमारे ५४ दाखवतो. ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे.

केबल ओढताना तिला तीव्र वळण देऊ नये; वळणाची त्रिज्या किमान सहा इंच असावी. आतल्या तारेला खालच्या दोन तृतीयांश भागातच पातळसे ग्रीस लावावे, कारण वर लावलेले ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये शिरते आणि वाटी चिकटते. काटा थरथरत असेल तर मीटर उघडण्याआधी केबल बदलून पाहावी.

नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नसेल, तर इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर घ्यावा लागतो. तो गिअरबॉक्सच्या सेन्सरकडून येणारे विद्युत ठोके मोजतो, आणि मैलाला किती ठोके येतात हे त्याला ठरावीक अंतर चालवून शिकवता येते. केबलच्या जागी बसणारे ठोके देणारे जोडही मिळतात. उपग्रहांच्या आधारे वेग दाखवणारे स्पीडोमीटर टायर-ॲक्सलच्या हिशेबातून मुक्त करतात, पण चालू केल्यावर त्यांना संकेत पकडायला वेळ लागतो आणि बोगद्यात तो तुटतो. मुख्य मीटर म्हणून मी ते दुसऱ्या पसंतीला ठेवीन.

स्पीडोमीटरबरोबर अंतराचा आकडाही बदलतो, हे लक्षात असावे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार दुरुस्त केलेल्या किंवा बदललेल्या ओडोमीटरवर आधीचाच आकडा ठेवता येत नसेल, तर तो शून्यावर आणून जुना आकडा आणि बदलाची तारीख सांगणारी लेखी सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. इतरत्रही जुन्या मीटरचे छायाचित्र कागदपत्रांत जोडून ठेवणे हे पुढच्या मालकाशी प्रामाणिक राहण्यासारखे आहे.

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा मीटर, जुन्या कामाच्या ट्रकांत क्वचितच असे आणि तो नसला तरी अडत नाही. घेतलाच तर सिलिंडरची संख्या त्यावर निवडता येते का ते पाहावे, कारण आठ सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला चार ठिणग्या पडतात, सहाच्या इंजिनात तीन. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याच्या टॅकोमीटरसाठीच्या टर्मिनलवरूनच संकेत घ्यावा.

पायरी नववी : माप, प्रकाश आणि रूप

आता कुठे तबकडीकडे पाहावे. छोट्या गोल मीटरांची प्रचलित मापे २ १/१६ इंच म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर आणि २ ५/८ इंच म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटर अशी आहेत. स्पीडोमीटर बहुधा ३ ३/८ किंवा ५ इंचांचा असतो. भोकाच्या व्यासाइतकीच मागची खोलीही मोजावी, आणि ती मोजताना टर्मिनल व वायरीचे वळण धरावे, कारण हीटरची नळी, वायपरची यंत्रणा किंवा हवेचा झडप-दांडा नेमका तिथेच असतो. पुठ्ठ्याचा गोल कापून तो डॅशबोर्डवर चिकटवावा, आसनावर नेहमीसारखे बसावे आणि स्टिअरिंगच्या कड्याआड काय झाकले जाते ते पाहावे. ऑइल प्रेशर आणि तापमान हे दोन मीटर झाकले जाता कामा नयेत.

दिवसाच्या उजेडात सुंदर दिसणारी पांढरी तबकडी रात्री चकाकू शकते, आणि मागून उजळणाऱ्या गडद तबकडीवर उन्हात आकडे फिके दिसू शकतात. शक्य असेल तर दोन्ही प्रकाशांत पाहून निवड करावी. एलईडी दिवे घातले तर ते ठरावीक दिशेनेच पेटतात हे लक्षात ठेवावे, आणि जुन्या तारेच्या डिमरने ते नीट मंद होत नाहीत, म्हणून त्यांना जुळणारा डिमर घ्यावा. सगळे मीटर एकाच मालिकेतले असावेत. वेगवेगळ्या उत्पादकांचे काटे आणि अक्षरे एकत्र आली की डोळ्यांना प्रत्येक मीटर नव्याने वाचावा लागतो.

पायरी दहावी : बसवण्याआधी टेबलावर चाचणी

डॅशबोर्ड बंद केल्यावर सापडलेला दोष दसपट त्रास देतो. म्हणून मीटर टेबलावर ठेवून, फ्यूजसह योग्य व्होल्टेज देऊन तपासावेत. पेट्रोलच्या मीटरला सेंडरऐवजी माहीत असलेल्या ओहमचे रोध जोडून रिकामी, निम्मी आणि भरलेली या तीनही खुणांवर काटा येतो का ते पाहावे. गाडीत बसलेल्या मीटरची घाईची तपासणीही करता येते : जनरल मोटर्सच्या पद्धतीत सेंडरची वायर सोडली की काटा भरलेल्याकडे जातो आणि ती क्षणभर चेसीला टेकवली की रिकाम्याकडे, फोर्डच्या पद्धतीत याच्या उलट होते. फोर्डच्या द्विधातू मीटरची वायर थेट चेसीला न टेकवता १० ओहमच्या रोधातून टेकवावी, म्हणजे आतली पट्टी जळत नाही. ऑइल प्रेशरचा यांत्रिक मीटर हवेच्या पंपाने आणि त्याच्यावरच्या दाबमापकाशी ताडून तपासता येतो, तर तापमानाचा सेंडर गरम पाण्यात स्वयंपाकाच्या थर्मामीटरशेजारी धरून.

गाडीत बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना नजर फक्त ऑइल प्रेशरवर असावी. काही सेकंदांत काटा उठला नाही तर लगेच इंजिन बंद करावे. ते गरम होईपर्यंत तेलाच्या जोडांना आणि सेंडरच्या आट्यांना फडके लावून गळती पाहावी. टाकी पूर्ण रिकामी करून मोजक्या मापाने पेट्रोल भरत जावे आणि काटा पाव, निम्मे, पाऊण आणि पूर्ण या खुणांवर नेमका कधी येतो ते लिहून ठेवावे. जुन्या टाक्यांच्या आकारामुळे निम्म्याची खूण आणि निम्मे पेट्रोल बरेचदा जुळत नाही. ही नोंद सूर्यकवचाच्या मागे किंवा गाडीच्या वहीत ठेवली, तर काटा पावावर असताना टाकीत प्रत्यक्षात किती इंधन उरले आहे हे चालकाला अंदाजाने नव्हे, मोजमापाने कळेल.